चाक वळलं की उजेड वळावा

गेल्या हिवाळ्यात एका मित्राने मला एक काम लावून दिलं. त्याच्याकडे महिंद्राची एक जुनी, खटारा म्हणावी अशी जीप आहे. शेत सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या रस्त्यावरून आत. डांबर सोडलं की दीडेक किलोमीटर पांदण. कृषिपंपाची लाइट काही दिवस रात्रीचीच असते, म्हणून चन्याला ओलित करायचं तर अकरा-बाराला निघावं लागतं. अशाच एका रात्री पांदणीच्या दुसऱ्या वळणावर त्याच्यापुढे रोही आला. आला म्हणजे काय, तो तिथेच उभा होता. हेडलाइट मात्र समोरच्या बाभळी उजळत होते. जीप वळली आणि उजेड रोह्यावर पडला, तोवर मधे दोन हात अंतर उरलं होतं. रोही उडी मारून तुरीत गेला, जीप धुऱ्यावर चढली, बंपर वाकला. माणूस धड राहिला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मले असे लाइट पाहिजेत का चाक वळलं की लाइट वळला पाहिजे. पहिलेच्या गाड्यांना असत म्हणते. तू पुस्तकं वाचतं, तर शोधून दे कोणते घ्याचे ते."

मी शोधायला बसलो ते दिव्यांच्या किमती आणि वॅट. हाती लागला तो जवळपास शंभर वर्षांचा इतिहास, आणि त्यातला बराचसा भाग आपल्या दारातून गेलेला.

बंडीला हा प्रश्न कधी पडला नाही. दोन चाकं, एक धुरी, पुढे बैल. बैल वळले की धुरी वळते, धुरीबरोबर सगळी बंडी वळते. खाली टांगलेला कंदील जिकडे बंडी तिकडे. शिवाय त्या कंदिलाचं काम रस्ता दाखवणं हे नव्हतंच. समोरून येणाऱ्याला बंडी दिसावी एवढंच. रस्ता बैलांना पाठ असे, आणि धुरकरी झोपला तरी बंडी घरी पोचे. सायकलचंही तसंच. डायनामोवरचा दिवा हँडलला, हँडल चाकाला, त्यामुळे चाकाचं तोंड आणि दिव्याचं तोंड एकच. स्कूटरवरही तेच. इथे एक अवांतर सांगण्याचा मोह आवरत नाही: भारतभर स्कूटर विकणाऱ्या बजाज ऑटोचं मूळ नाव बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन, १९४५ सालचं, आणि हे बछराज म्हणजे जमनालालजींना दत्तक नातू म्हणून घेणारे वर्ध्याचे शेठ. आमच्या मित्राला हवं होतं ते त्याच्या वडिलांच्या चेतकवर फुकट मिळत होतं.

घोटाळा चार चाकांनी केला. १८१६च्या सुमारास म्युनिकच्या लांकेनश्पर्गर नावाच्या गाडी बांधणाऱ्याने पुढचा अख्खा आस फिरवण्याऐवजी दोन चाकं आपापल्या खिळ्यावर फिरवायची युक्ती काढली. लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमनने १८१८ साली तिचं पेटंट घेतलं, आणि नाव आकरमनचंच राहिलं. आजही तुमच्याआमच्या गाड्यांचं स्टिअरिंग मुळात त्याच तत्त्वावर चालतं. गाडी उलटायची भीती कमी झाली, पण एक फारकत झाली. चाकं एकीकडे बघतात, गाडीचं धड दुसरीकडे. दिवा धडाला लावला तर तो नेहमी थोडा मागाहून येणार. घोडागाडीच्या वेगाला हे कुणाला जाणवलं नाही. मोटार आली आणि जाणवू लागलं.

अमेरिकेत १९२०-३०च्या दशकांत 'पायलट रे' नावाचे जादा दिवे मिळत. गाडीच्या नाकापुढे आडव्या दांडीवर बसवलेले, आणि खालून एक बारीक सळई स्टिअरिंगच्या जोडदांडीला बांधलेली. चाक वळलं की सळई ओढली जाई आणि दिवे मान वळवत. पॅकार्ड, ड्यूसेनबर्ग अशा श्रीमंतांच्या गाड्यांवर ते शोभेसाठीही लावत. मित्राने ऐकले होते ते हेच असावेत. १९३५च्या चेक बनावटीच्या टाट्रा ७७अ मध्ये तीन दिवे होते, त्यांतला मधला स्टिअरिंगबरोबर फिरवण्याची सोय होती. १९४८ साली शिकागोत प्रेस्टन टकरने आपल्या गाडीच्या कपाळावर तिसरा डोळा बसवला. स्टिअरिंग दहा अंशांपलीकडे गेलं की तो पेटून वळणात बघायचा. काही राज्यांत दोनच हेडलाइट चालत, म्हणून त्या डोळ्यावर घालायला झाकण दिलं होतं. गाड्या पन्नासच्या आसपास बनल्या आणि कंपनी बुडाली, दिव्यामुळे नव्हे.

हे काम नीट केलं ते सित्रोएनने. सप्टेंबर १९६७मध्ये त्यांच्या डीएस गाडीचं नाक बदललं आणि काचेआड चार दिवे आले. बाहेरचे दोन गाडी पुढेमागे झुकली तरी पातळी धरून राहत. आतले दोन तारेने स्टिअरिंगला जोडलेले, चालक वळवेल तसे वळणारे. अमेरिकेच्या नियमांत ते बसले नाहीत, तिकडे जाणाऱ्या गाड्यांना साधे दिवे लावावे लागले. फ्रान्समधल्या घाटरस्त्यांवर मात्र त्यांनी लोकांना वेड लावलं.

सित्रोएनचं चित्र बघताना माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दिवा नुसता चाकाइतकाच वळवला तर काय होईल? जुन्या विलिस जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांतलं अंतर ८० इंच, म्हणजे साधारण दोन मीटर. समजा पांदणीचं वळण ३० मीटर त्रिज्येचं आहे. ते वळण घ्यायला पुढची चाकं किती वळवावी लागतात? जेमतेम चार अंश. आणि गाडीच्या पुढे वीस मीटरवर रस्ता कुठे असतो? गाडीच्या सरळ रेषेपासून वीसहून अधिक अंश बाजूला. शाळेतल्या भूमितीत सांगायचं तर चाक दाखवतं ती स्पर्शिका. वर्तुळ तर तिला टेकून पुढे निघून गेलेलं असतं. म्हणजे टाय रॉडला सळई बांधून दिवा चाकाइतकाच वळवला, तर त्या वळणावर तो चार अंश वळेल आणि रोही अजूनही अंधारातच उभा असेल. म्हणून सित्रोएनच्या दिव्यांचा कोन चाकांच्या कोनापेक्षा कितीतरी वाढवलेला होता.

कोन वाढवता येतो. तरफेचा एक हात आखूड, एक लांब केला की झालं. पण मग चाकाचा प्रत्येक धक्काही तेवढ्याच पटीने दिव्यात येतो. फ्रान्सच्या डांबरावर ठीक आहे. काळ्या मातीत पावसाळ्यात पडलेल्या आणि दिवाळीपर्यंत दगडासारख्या वाळलेल्या चाकोऱ्यांतून जीप जाते तेव्हा स्टिअरिंग हातात नाचतं. त्याला जोडलेला दिवा लग्नाच्या वरातीतल्यासारखा नाचेल.

तर मग जंगलात, शेतात, जिथे रस्ता म्हणावा असा रस्ताच नाही, तिथे लोकांनी काय केलं? तिथे दिवा माणसाने फिरवला. हा इतिहास सांगायला तितका गमतीचा नाही.

संस्थानिकांपासून सुरुवात करता येते. कोट्याचे महाराव उमेदसिंह दुसरे यांच्यासाठी १९२५ साली रोल्स रॉईस फँटम गाडीवर लंडनच्या बार्कर कंपनीने शिकारीचा साज चढवला. बंदुकांची सोय, आणि मोठे सर्चलाइट. ती गाडी एकच होती. त्यानंतर वीस वर्षांनी जी आली ती हजारोंनी आली.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा लष्कराच्या विलिस आणि फोर्ड जीप डिस्पोजलमध्ये विकायला निघाल्या. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली. कंपनीचं नाव तेव्हा महिंद्र अँड मोहम्मद. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ साली ते महिंद्र अँड महिंद्र झालं. लष्करी जीपच्या दिव्याची एक गंमत होती. जाळीच्या आत बसवलेला हेडलाइट एक पाकळीचा नट ढिला केला की बिजागरीवर उलटा फिरायचा आणि थेट इंजिनावर उजेड टाकायचा. अंधारात गाडी दुरुस्त करायला. म्हणजे पहिल्या जीपचा दिवा वळत होता, पण मागे.

पुढचं वळणं मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात होतं. शिकारीच्या जीपची रचना तेव्हा सगळीकडे सारखीच असे. काच पाडलेली, टप काढलेला. एक चालवणारा, एक बंदूकवाला, आणि तिसरा हातात सर्चलाइट घेऊन उभा, त्याची वायर खाली बॅटरीला. गाडी सावकाश जाई आणि हा माणूस दोन्ही बाजूंच्या झाडीवरून उजेड फिरवत राही. कुठल्याही सळईला जमणार नाही इतक्या लवचिकपणे. तो शोधत असे डोळे. हरीण, रोही, बिबट, वाघ यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आलेला उजेड तो परत पाठवतो आणि अंधारात दोन ठिपके पेटतात. प्राणी त्या झोतात थांबतो, कारण त्यामागे काय आहे ते त्याला दिसत नाही. थांबला की बंदूक. याला कौशल्य लागत नाही, पाठलाग लागत नाही. पीकसंरक्षणाचा परवाना, एक जीप आणि एक बॅटरी एवढ्यावर स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत देशभर जे झालं ते त्या काळात जंगल पाहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारावं. आमच्या भागातली म्हातारी माणसं 'जीपवाले' हा शब्द वेगळ्या आवाजात उच्चारत.

याचं सर्वांत काळं पान १९४७ सालचं आहे. कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रतापसिंह देव रात्री गाडीने जात असताना दिव्यांच्या झोतात तीन चित्ते दिसले. तिघे नर, शेजारी शेजारी बसलेले. पहिल्या गोळीत एक गेला. दुसरी गोळी एकातून आरपार जाऊन मागच्याला लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे ही हकीकत छायाचित्रासह आली. संपादकांनी ती छापली आणि खाली आपला संताप नोंदवला: मोटारीच्या झगमगाटात रात्री असे प्राणी मारणं कायद्याविरुद्ध आहेच, आणि ते ज्या प्राण्याचे शेवटचे उरलेले असतील त्याबाबत तर अक्षम्य आहे, अशा आशयाचा. भारतातल्या चित्त्याची ती जवळजवळ अखेरची खात्रीची नोंद. १९५२ साली तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. कोरिया म्हणजे आजच्या छत्तीसगडचा एक कोपरा. पण १९४८ साली संस्थान विलीन झालं ते मध्य प्रांत व वऱ्हाडात, ज्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे वर्धा जिल्हा आणि ते जंगल तेव्हा एकाच कागदावर आले. हे वाचल्यापासून मी 'फिरणारा दिवा' हे शब्द पूर्वीसारखे हलकेपणाने घेऊ शकत नाही.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लिहिणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं असं त्याच्या १७व्या कलमावरून दिसतं. वाहनातून शिकार नाही, कृत्रिम उजेडात शिकार नाही, असं त्यात स्वतंत्रपणे लिहावं लागलं. १९९१च्या दुरुस्तीत शिकारीचे परवानेच संपले आणि ते कलम वगळलं गेलं. मोटारीच्या बाजूनेही दार बंद झालं. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १११ क्रमांकाचा नियम आहे. गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. टपावर चार-चार दिव्यांची माळ लावून हिंडणाऱ्या कितीजणांना हा नियम माहीत आहे देव जाणे.

आणि आमच्या दारातलं जंगल मात्र टिकलं. बोर अभयारण्य १९७० साली झालं, तेव्हा ६१ चौरस किलोमीटरचं. पुढे त्याला नवीन बोर आणि त्याचा विस्तार जोडला गेला आणि २०१४ साली १३८ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या सर्वांत लहानांपैकी एक. सफारीची जिप्सी सूर्यास्ताआधी गेटबाहेर पडते आणि त्यानंतर आत दिवा नाही. पण एवढ्याशा जंगलात वाघ मावत नाहीत. ते तुरीतून, कपाशीतून, नाल्यानाल्याने बाहेर पडतात आणि रस्ते ओलांडतात. 'बाजीराव' म्हणून लोक ओळखत तो बोरचा मोठा नर वाघ २०१७च्या डिसेंबरअखेरीस नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ मेला, वाहनाच्या धडकेत. त्याला मारायचं कुणाच्या मनातही नव्हतं. त्याच्यावर कुणी दिवा फिरवला नव्हता.

मला या दोन मरणांमधलं अंतर सतावतं. चित्ते मेले कारण उजेड त्यांच्यावर गेला. बाजीराव ज्या धडकेत गेला तशा धडकांत बरेचदा उजेड वेळेवर पोचलेला नसतो, किंवा पोचतो पण गाडी थांबेल इतक्या आधी नाही. मित्राला दिवा घेऊन द्यायचा तर तो दुसऱ्या कामाचा हवा होता आणि पहिल्या कामाला निकामी.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपचे नियम बदलले आणि वळणारे दिवे परत आले. आता सळई नाही. स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचा वेग बघून छोटी मोटर दिवा फिरवते, चाकाच्या पटीत नव्हे तर वळणाच्या हिशोबाने. पेन्सिलीने मी जे मांडलं ते ती दर क्षणी मांडते. आपल्याकडच्या महागड्या गाड्यांत ते आहे. जुन्या जीपला ते लावायचं तर जीपपेक्षा दिवा महाग पडेल. स्वस्त गाड्यांनी दुसरा मार्ग काढला, तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो. दिवा फिरवायचाच नाही. डाव्या-उजव्या कोपऱ्यात एकेक रुंद झोताचा दिवा कायमचा तिरका बसवायचा, आणि स्टिअरिंग वळलं की त्या बाजूचा पेटवायचा. हलणारा भाग एकही नाही, म्हणून नाचणं नाही.

मित्राला घेऊन वर्ध्यात त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. मित्राचा जीव अजून सळईतच होता. मिस्त्रीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, काहीही करा, पण टाय रॉडले काही बांधू नका. ते एकदा अडकलं तर दिवा राहू द्या, गाडीच वळणार नाही." मला स्पर्शिकेचं गणित सांगायची तयारी होती, ती लागलीच नाही.

शेवटी ठरलं ते असं. टपावर काही नाही, बॉनेटवर काही नाही. बंपरखाली, फॉग लॅम्पच्या जागी दोन रुंद झोताचे दिवे, प्रत्येक आपापल्या बाजूला तिरका, तोंड जमिनीकडे. झोत पंधरावीस मीटरवर जमिनीला भिडेल आणि त्यापुढे जाणार नाही एवढा खाली. हाच मुद्दा मित्राशी भांडून मान्य करून घ्यावा लागला. त्याला लांबचा झोत हवा होता. पण पांदणीत पंधराच्या वेगाने चालणाऱ्या जीपला लांबचा झोत लागतो कशाला? लांबचा झोत झाडीतले डोळे शोधतो. खालचा झोत पाय दाखवतो. शिवाय रानडुकराच्या डोळ्यात तो आरशाचा थर नसतो, त्याचे डोळे चमकतच नाहीत, आणि आमच्या भागात रात्री मोटरसायकलला आडवं येण्यात डुक्कर कुणाला हार जात नाही. डोळ्यांच्या भरवशावर राहणाऱ्याला ते दिसणारच नाही. त्याला अंगानेच बघावं लागतं, जमिनीवर पडलेल्या उजेडात.

स्विच मात्र आपोआपचा नाही. जुन्या जीपच्या स्टिअरिंगमध्ये इतका प्ले आहे की सरळ रस्त्यावरही दिवे उघडझाप करत राहिले असते. डॅशबोर्डवर दोन खटके दिले, डावा आणि उजवा, मधे रिले. वळणाआधी त्या बाजूचा दाबायचा, वळण संपलं की बंद. डांबरी रस्त्यावर दोन्ही बंद, कारण समोरून येणारा सायकलवालाही माणूसच आहे.

जानेवारीत एका रात्री मी त्याच्याबरोबर गेलो. थंडी होती, धरणाच्या बाजूने वारा येत होता. शेताशेतात जागलीवाल्यांच्या बॅटऱ्या फिरत होत्या, मचाणावरून एक झोत निघे, तुरीवरून सरके आणि विझे. पांदणीच्या तोंडाशी मित्राने गाडी दुसऱ्या गिअरवर आणली. पहिलं वळण. दुसऱ्याच्या आधी त्याने डावा खटका दाबला. चाक वळायच्या आधीच बांधाचा कोपरा उजळला: वाळलेलं गवत, कुणाची तरी तुटलेली चप्पल, ओल्या मातीत रोह्याच्या खुरांचे ताजे ठसे, रस्ता ओलांडून गेलेले. रोही नव्हता. मित्राने गाडी तिथेच थांबवली, दोन मिनिटं इंजिन बंद केलं, मग दिवेही बंद केले. पलीकडच्या चन्यात काहीतरी जड अंगाचं चरत होतं, त्याचा आवाज येत होता.

"दाखवू का हेडलाइट?" तो हळूच म्हणाला.

मी नको म्हटलं. पंपाची लाइट यायला अजून वीस मिनिटं होती.